बाण जिथे अडखळतात

आवर्तसारणीच्या तक्त्याला कडेने दोन बाण काढलेले असतात. एक आडवा, एक उभा. डावीकडून उजवीकडे अणू लहान होत जातो, वरून खाली मोठा. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. उभ्या बाणात नवल काही नाही; खाली उतरताना दर वेळी इलेक्ट्रॉनांचं एक नवं कवच चढतं, अणू फुगणारच. आडवा बाण मात्र मला अजूनही चकवतो. सोडिअमच्या केंद्रकात 11 प्रोटॉन, क्लोरीनच्या केंद्रकात 17. प्रोटॉन वाढले, तेवढेच इलेक्ट्रॉन वाढले, अणूचं वजन दीडपट झालं. आणि आकार? सोडिअमची अणुत्रिज्या 186 पिकोमीटर, क्लोरीनची 99. माल भरत जावा आणि गाठोडं आवळत जावं, असला हा प्रकार!

कारण सांगायला सोपं आहे. नवे इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात जाऊन बसतात, आणि एका कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसं झाकत नाहीत. धनप्रभार वाढतो, ओढ वाढते, सगळं आत खेचलं जातं.

त्याच ओढीमुळे अणूतून इलेक्ट्रॉन काढून घेणंही उजवीकडे अवघड होत जातं. सोडिअमच्या वरच्या ओळीत लिथिअमला एका मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक प्रचंड संख्येमागे, 520 किलोजूल पुरतात, निऑनला 2081 लागतात. पण मधल्या पायऱ्या नीट पाहिल्या की गंमत कळते. बेरिलिअम 900, पुढचं बोरॉन 801. नायट्रोजन 1402, पुढचा ऑक्सिजन 1314. चढता चढता दोनदा पाय खाली येतो. बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन किंचित वरच्या ऊर्जेच्या उपकवचात गेलेला असतो, म्हणून तो सैल. ऑक्सिजनमध्ये एका इलेक्ट्रॉनला आधीच कुणी बसलेल्या जागेत दाटीवाटीने शिरावं लागतं. दोघंही ऋण, एकमेकांना ढकलणार. पुस्तकं यांना ‘अपवाद’ म्हणून चौकटीत टाकतात, ते मला पटत नाही. नियम जिच्यामुळे बनला ती ओढाताणच इथेही चालू आहे, फक्त इथे ती उघडी पडते.

गुणधर्मांच्या या ठरावीक चढउतारांवर आवर्तसारणी मांडणाऱ्या रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हचा विश्वास किती असावा? 1875 मध्ये फ्रान्समध्ये गॅलिअम सापडलं. त्याची जागा मेंडेलीव्हने आधीच रिकामी ठेवून गुणधर्मही सांगून टाकले होते. शोधणाऱ्याने घनता मोजली, ती आली घनसेंटीमीटरला 4.7 ग्रॅम. मेंडेलीव्हने कळवलं, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा, 5.9 च्या आसपास यायला हवी. पुन्हा मोजली तर 5.9! ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिला नव्हता त्याने पाहणाऱ्याला दुरुस्त केलं. हाच हट्ट त्याने टेल्युरिअमच्या बाबतीतही धरला. आयोडीन त्याच्यानंतर यायला हवं, तर टेल्युरिअमचं वजन जास्त कसं, मोजण्यात चूक असणार. तिथे मात्र मोजणी बरोबर निघाली. क्रम वजनाचा नव्हताच, केंद्रकावरच्या प्रभाराचा होता, हे 1913 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोस्लीच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनी दाखवलं. जागा बरोबर, कारण चुकीचं. अशी चूक करायलाही नजर लागते.

माझी आवडती जोडी आहे झिर्कोनिअम आणि त्याच्या थेट खालचं हाफ्निअम. उभ्या बाणानुसार हाफ्निअम चांगलंच मोठं हवं, त्यात तब्बल 32 इलेक्ट्रॉन जास्त आहेत. प्रत्यक्षात त्रिज्या 160 आणि 159 पिकोमीटर. खालचं मूलद्रव्य कणभर लहानच! दोघांच्या मधे लँथनाइडांची, म्हणजे तक्त्याखाली वेगळ्या ओळीत काढतात त्या मूलद्रव्यांची, मोठी रांग येते. त्यांच्यात भरत जाणारे इलेक्ट्रॉन केंद्रकाला फार वाईट झाकतात, आणि रांग संपेपर्यंत अणू इतका आकसतो की नव्या कवचाची वाढ त्यात जिरून जाते.

आकार सारखा, संयुजा सारखी, म्हणून रासायनिक वागणूकही जवळपास सारखी. झिर्कोनिअम 1789 मध्ये ओळखलं गेलं. त्याच्याच खनिजांत दडलेलं हाफ्निअम सापडायला 1923 उजाडलं. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी ते क्ष-किरणांच्या वर्णपटावरून पकडलं. घनता मात्र हाफ्निअमची दुप्पट. आणि न्यूट्रॉनच्या बाबतीत तर दोघं एकमेकांच्या अगदी उलट. झिर्कोनिअम न्यूट्रॉन जवळपास अडवतच नाही, म्हणून अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळ्या त्याच्या मिश्रधातूंच्या करतात. हाफ्निअम न्यूट्रॉन गिळत सुटतं. त्यामुळे भट्टीसाठीच्या झिर्कोनिअममधून ते निपटून काढावंच लागतं, तेही दोघांशी जवळपास सारखंच वागणाऱ्या रसायनांच्या मदतीने, टप्प्याटप्प्याने, तीच तीच क्रिया पुन्हा पुन्हा करत. एवढ्या खटपटीने बाहेर काढलेलं हाफ्निअम मग काही अणुभट्ट्यांत, न्यूट्रॉन शोषून भट्टीला आवरणाऱ्या नियंत्रक कांड्यांच्या रूपाने परत आत जातं.