साडेपंधरा एकराचा एक ठिपका

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. ओट्यावर लॅपटॉप घेऊन आमच्या शेताची माती शोधत बसलो होतो आणि शेजारी तात्या, म्हणजे माझे चुलते, चहा पीत बघत होते. माझं पोटापाण्याचं काम नकाशांचं, त्यामुळे उंचीचा डेटा, पावसाचा डेटा, मातीचा डेटा एकावर एक चढवून बघायची खोड आहे, ती सुट्टीतपण जात नाही. तर नकाशा म्हणत होता की चिकणमाती, सामू (पीएच) आठच्या आसपास, आणि अख्खं शेत एकाच रंगात. तात्या म्हणाले, "सगळं एकच दावतंय व्हय रं? मग आपल्या टेकावर गहू करून दाव की मला."

आता टेक म्हणजे शेताचा वरचा भाग, तिथं मटकी आली तरी मिळवली असं आहे. मला राग आला थोडा, पण गप बसलो, कारण मुद्दा बरोबर होता.

आधी जरा लांबून सांगतो. आमचं गाव माण तालुक्यात, साताऱ्याच्या पूर्वेला. महाबळेश्वरापासून आमच्या तालुक्यातल्या म्हसवडपर्यंत सरळ रेघ मारली तर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर भरते, आणि या रेघेच्या एका टोकाला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस तर दुसऱ्या टोकाला पाचशेच्या आसपास, तोही आला तर. खालचा खडक मात्र दोन्हीकडे तोच, काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे पीठ एकच, पाणी वेगवेगळं, आणि भाकरी बघा किती वेगळी होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर इतक्या काळात इतकं पाणी मुरलंय की चुना, मॅग्नेशियम, सिलिकासुद्धा वाहून गेलं, मागं राहिलं लोह आणि अॅल्युमिनियम, म्हणून तो तांबडा जांभा. पाचगणीचं टेबललँड म्हणजे अशा जांभ्याचंच झाकण आहे बेसाल्टवर. रत्नागिरीला कातळावर जो जांभा दिसतो, घराला चिरे काढतात तो, त्याच जातीचा, फक्त समुद्राजवळ आणि कमी उंचीवर. याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकाननने केरळातला जांभा बघून १८०७ च्या पुस्तकात दिलं, लॅटिनमध्ये लेटर म्हणजे वीट. तिकडचे लोक ओली असताना कापून विटा पाडतात आणि वाऱ्यावर ती दगडासारखी होते, हे बघून.

आमच्याकडे उलट. पाऊस कमी, त्यामुळे चुना वाहून न जाता तिथंच खाली बसतो, चुनखडीचे खडे होतात, सामू आठच्या वर जातो. आणि खडकाचा भुगा होऊन जी चिकणमाती तयार होते ती स्मेक्टाइट जातीची, पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात काळीला ज्या भेगा पडतात, ज्यात लहानपणी आमचा चेंडू गेलेला परत आला नाही, त्या याच्यामुळे. वरची माती भेगेत पडते, पावसात खालून दाब येतो, माती आपली आपण खालीवर होते. शास्त्रात याला व्हर्टिसोल म्हणतात, त्यातला व्हर्टी म्हणजे फिरणं, उलटणं.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, माझापण होता, की काळी म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर. तसं काही नाही! आपल्याकडच्या काळीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही खाली असतो. थोडाच ह्यूमस, म्हणजे कुजून झालेला काळा भाग, असतो पण तो चिकणमातीला असा घट्ट धरून बसतो की सगळी काळीभोर दिसते. रंगावर जाऊ नये.

बरं, हे झालं तालुक्या-तालुक्याचं. इथपर्यंत नकाशे फार छान काम करतात. घोळ होतो तो बांधाच्या आत आलं की.

मी जो मातीचा डेटा लावला होता तो सॉईलग्रिड्सचा, नेदरलँड्सच्या एका संस्थेचा, जगभरातल्या दोन लाखांवर खड्ड्यांच्या नोंदी घेऊन मधल्या जागा कॉम्प्युटरने भरलेल्या आहेत. त्याचा एक ठिपका २५० मीटर बाय २५० मीटर. हिशोब केला तर साडेपंधरा एकर झाले. आमचं शेत तीन एकर, लांबट, म्हणजे अख्खं शेत अधिक शेजारच्यांची चार शेतं असं सगळं मिळून एक ठिपका. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोने (१९७६ ची संस्था) राज्याराज्यांचे जे नकाशे केलेत ते एकास अडीच लाख मापाचे, म्हणजे कागदावर एक मिलिमीटर ते जमिनीवर २५० मीटर. परत तेच! यात त्यांची चूक काहीच नाही, ते राज्याच्या नियोजनासाठी आहेत, मी त्यांना आमच्या टेकाबद्दल विचारतोय ही माझी चूक.

अशीच चूक दोन वर्षांपूर्वी पण केली होती. माती परीक्षणाला नमुना द्यायचा म्हणून शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे घेतले, वीतभर खोलीची माती घमेल्यात एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, परत तसंच, शेवटी अर्धा किलो पिशवीत. सगळं पुस्तकाप्रमाणे. फक्त टेकावरची आणि ओढ्याकडची माती एकाच घमेल्यात घातली. रिपोर्ट आला, सगळं मध्यम. मध्यम जमीन आमच्या शेतात कुठंच नाही.

म्हणून या मे महिन्यात, शेत रिकामं होतं तेव्हा, पहार आणि टिकाव घेऊन आम्ही दोघं निघालो. तात्यांनी पहिल्यांदा चेष्टा केली आणि मग स्वतःच जागा दाखवायला लागले. वर टेकावर पहिला खड्डा, जेमतेम वीतभर भुरकट माती आणि पहार खण्णकन वाजली, मुरूम. ती माती ओली करून मळली आणि अंगठ्याने बोटावरून पट्टी सरकवायला गेलो (चिकण जितकी जास्त तितकी पट्टी लांब) तर दोन सेंटिमीटर पण टिकेना, तुटली. मधल्या भागात दीड हातावर मुरूम लागला, पट्टी चार सेंटिमीटर. खाली ओढ्याकडे मात्र छातीइतकं खोल गेलो तरी मुरूम नाही, घामाघूम झालो. पट्टी सात सेंटिमीटरवर गेली आणि नुसती लोंबत राहिली. साधारण कमरेच्या खोलीवर ढेकूळ फोडलं तर आतल्या बाजू तिरक्या आणि अशा चकचकीत की तेल लावल्यासारख्या, ओरखड्यांसकट. माती फुगून एकमेकांवर घासते त्याची ती खूण, पुस्तकात फोटो बघितला होता, स्वतःच्या शेतात पहिल्यांदा बघितली. वर संडास साफ करायचं अॅसिड थोडं टाकलं तर फसफसून वर आलं, चुनखडी. तात्या म्हणाले, "सोडा पाजलास काय रं तिला."

उंचीच्या डेटावर (तीस मीटरचा ठिपका, म्हणजे शेतात तेरा-चौदा येतात, तो बरा) टेक आणि ओढा यांच्यात नऊ मीटरचा फरक दिसतो, दोनशे मीटर अंतरात. बास, एवढंच कारण. वरची बारीक माती हजारो वर्षं खाली वाहत राहिली. पाऊस दोन्हीकडे तोच पाचशे, पण मीटरभर खोल काळी त्यातलं पिकाला मिळेल असं दीड-दोनशे मिलिमीटर धरून ठेवते आणि त्यावर शाळू निघतो, टेकावर तीस-चाळीस धरलं तर खूप. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत एवढा फरक, जेवढा पुस्तकात दोन तालुक्यांत सांगतात.

आणि गंमत पुढं आहे. सातबाऱ्यावर आकार असतो ना, म्हणजे जमिनीचा सारा, रुपये-पैशातला, ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो मी शेजारच्या ओढ्याकडच्या आणि वरच्या गटांचा काढून एकरी हिशोब केला. ओढ्याकडचा जवळजवळ तिप्पट! हा आकार येतो इंग्रजी अमदानीतल्या प्रतबंदीतून, म्हणजे जमिनीची प्रत ठरवण्यातून. आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नावर सारा बसवायचा प्रयत्न केला होता तो फसला, मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात नवीन पद्धत चालू केली आणि १८४७ च्या रिपोर्टात ती पक्की झाली. शेताचे चौकटी पाडून भाग करायचे, प्रत्येक भागात खोली बघायची, पोत आणि रंग बघायचा. उत्तम काळी पावणेदोन हात खोल असली तर सोळा आणे, खोली पाव हाताने कमी झाली की चौदा, मग बारा, असं नऊ पायऱ्या उतरत दोन आण्यापर्यंत. त्यावर दोषांच्या खुणा, चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं, एका दोषाला एक पायरी खाली. आता सारा वसुलीसाठी केलं होतं, शेतकऱ्याच्या भल्यासाठी नाही, हे खरंच. पण उपग्रह नाही, कॉम्प्युटर नाही, आणि आमचं टेक त्या माणसांना दिसलं होतं.

तात्यांना हे सांगितलं तर त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, "खांदल्याबिगर कसं कळंल?"

पावसाच्या आधी या वेळी तीन पिशव्या भरल्या. मी त्यांच्यावर एक, दोन, तीन लिहीत होतो, तात्यांनी पेन घेतलं आणि आकडे खोडून लिहिलं, टेक, मधली, ओढा. प्रयोगशाळेत गट नंबर लागतो म्हणून तो मला खाली बारीक अक्षरात टाकावा लागला, तिन्हीवर एकच.