उप्पिटाच्या आधी सुई

आज सकाळी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात, स्वस्त दरात तपासणाऱ्या दवाखान्याच्या मदतीसाठी नाश्ता झाला, सोबत रक्तातली साखर आणि बीपीची तपासणी. कुपनं २००, उप्पीट आणि शिरा. उप्पिटाला माणशी ७० ग्रॅम रवा धरला, म्हणजे १४ किलो, आणि त्याच्या अडीचपट, ३५ लिटर उकळतं पाणी. रवा आदल्या रात्रीच भाजून ठेवलेला बरा. सगळा एकाच कढईत ओतला की तळाला लागतो आणि मधे गुठळ्या राहतात. म्हणून ७-७ किलोचे दोन घाणे, पाऊण तासाच्या अंतरानं. उशिरा येणाऱ्यालाही गरम मिळतं.

खरी काळजी साखर तपासणीची. उपाशीपोटी म्हणजे ८ तास पाण्याशिवाय काही नाही, त्यामुळं तपासणीचं टेबल दारातच हवं आणि कुपन त्यानंतर. चहा पिऊन आलेल्यांची नोंद वेगळ्या रकान्यात करा. हात साबणानं धुऊन, कोरडे पुसूनच टोचा, प्रत्येकाला नवी सुई. बोटाला शिऱ्याचा चिकटपणा राहिला तर मशीन आकडा फुगवून दाखवतं आणि माणूस विनाकारण घाबरतो. उपाशीपोटी साखर १२६ (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा जास्त आली तरी लगेच मधुमेहाचा शिक्का नको, लॅबमध्ये शिरेतलं रक्त देऊन खात्री करायची. बीपी बघण्याआधी ५ मिनिटं पाठ टेकवून शांत बसवा.

पाट्या मराठी आणि कन्नड, दोन्हींत लावा.

जमलेल्या पैशातून आधी साखर तपासायच्या मशीनच्या पट्ट्या घ्याव्यात. पट्टी काढली की डबी लगेच घट्ट बंद करा, खानापूरच्या पावसाळी हवेत त्या उघड्यावर बिघडतात.