नॉर्वेची क्रूझ: बंदरावरचे तास आम्ही कसे आखले

क्रूझचं बुकिंग झालं की घरात पहिली चर्चा होते ती केबिनची. बाल्कनी घ्यायची का, कितवा डेक, शाकाहारी जेवण नीट मिळेल का. आमच्याकडेही तेच झालं. पण नॉर्वेला जायचं असेल तर डोकं लावायचं ते जहाजाबाहेरच्या तासांना. जहाज सकाळी आठच्या सुमारास बंदरात येतं आणि संध्याकाळी पाचला निघतं. उतरण्यातला आणि परत चढण्यातला वेळ वजा केला तर हातात सहा-सात तास राहतात. इतका खर्च करून आपण जातो ते याच तासांसाठी, त्यामुळे ते कसे घालवायचे हे ठाण्यातल्या घरी बसूनच ठरवायचं, असं मी पहिल्यापासून म्हणत होते.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, आई आणि वन्सं. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती अर्धा-पाऊण तास मजेत चालते, पायऱ्या उतरताना मात्र हात धरावा लागतो. नवऱ्याला डोंगर दिसला की चढायचा असतो. वन्सं शांतपणे हिंडणाऱ्या, त्यांना गर्दी नको. चौघांना मिळून एकच कार्यक्रम बसणार नव्हता. म्हणून एजंटनं ‘सगळ्या बंदरांची एक्स्कर्शनं (बंदरावर उतरून करायच्या सहली) जहाजाकडूनच एकदम घेऊन टाका’ असं सुचवलं तेव्हा मी थांबा म्हटलं आणि वही काढली.

वहीत प्रत्येक बंदराला एक पान. पानावर चार गोष्टी: जहाज धक्क्याला लागणार की समुद्रात नांगर टाकून टेंडर बोटीनं नेणार, धक्क्यापासून गाव किती लांब, ‘ऑल अबोर्ड’ किती वाजता, आणि आईला किती पायऱ्या. ‘ऑल अबोर्ड’ म्हणजे जहाजावर परत हजर असण्याची शेवटची वेळ. ती सुटण्याच्या वेळेआधी साधारण अर्धा तास असते, कधी एक तास. सगळं गणित तिथून उलटं मांडायचं. साडेचारला हजर व्हायचं असेल तर मी साडेतीन धरत होते, आणि साडेतीनला धक्क्यावर पोचता येईल अशाच गोष्टी पानावर ठेवत होते.

जहाजाची एक्स्कर्शनं महाग असतात, पण त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःहून काढलेल्या सहलीत अडकलात तर जहाज निघून जातं आणि पुढचं बंदर स्वखर्चानं गाठावं लागतं. नॉर्वेत ते सोपं नाही, कारण नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांमध्ये डोंगर, बोगदे आणि फेरीबोटी असतात. म्हणून माझा नियम सरळ होता: धक्क्यापासून चालत जाता येतं तिथे स्वतःचं स्वतः, बसनं तासभर लांब जायचं असेल तर जहाजाचं.

आमचा मार्ग कोपनहेगन, स्टाव्हांगर, फ्लॉम, गायरांगर, बर्गन आणि परत कोपनहेगन असा होता.

त्याआधी व्हिसाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. डेन्मार्क आणि नॉर्वे दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत (नॉर्वे युरोपीय संघात नाही, तरी शेंगेनमध्ये आहे), त्यामुळे एकच व्हिसा चालतो. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. आमचा नॉर्वेकडे होता. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांची फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. क्रूझ कंपनीकडून सगळ्या बंदरांची नावं, तारखा आणि प्रवाशांची नावं असलेलं पत्र मागून घ्या. जहाज इंग्लंडमधल्या साउदम्प्टनहून सुटणारं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. स्वस्त दिसणाऱ्या कितीतरी क्रूझ तिथूनच निघतात, तेव्हा पैसे भरण्याआधी हे बघाच.

आता बंदरं. फ्लॉमचं पान मी सगळ्यात आधी भरलं, कारण तिथली रेल्वे ही या सहलीतली आईची एकमेव मागणी होती.

माझे बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते. आमचं क्वार्टर इगतपुरीला. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, ती लावण्या-सोडण्याचे आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले. त्या घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. फ्लॉमच्या रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ १८ ला १ आहे. साध्या रुळांवर, दातेरी पट्टी न लावता, ही गाडी समुद्रकाठच्या फ्लॉमहून ८६६ मीटर उंचीवरच्या मिरडालला जाते. अंतर फक्त २० किलोमीटर, त्यात २० बोगदे, आणि त्यातले १८ माणसांनी हातानं खोदलेले. काम १९२०च्या दशकात सुरू झालं, गाड्या १९४० मध्ये धावू लागल्या. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “बाकी काय दाखवायचं ते दाखव, ही गाडी चुकवायची नाही.”

ही तिकिटं जहाजाकडूनही मिळतात, पण रेल्वेच्या साइटवरून थेट काढली तर किमतीत बराच फरक पडतो. स्टेशन धक्क्यापासून अगदी काही मिनिटांवर आहे, त्यामुळे जहाजाच्या बसची गरजच नाही. फक्त तिकिटं फार आधी काढायची, कारण फ्लॉम हे जेमतेम काहीशे वस्तीचं गाव आणि जहाज आलं की हजारो लोक एकदम उतरतात. मी सकाळची गाडी निवडली. जाऊन-येऊन दोन तास धरा. दुपारची शेवटची गाडी घेऊ नका. गाडी एकेरी मार्गावर धावते आणि तिला उशीर झाला तर तुमच्याकडे दुसरा उपाय नसतो.

वाटेत शॉसफॉसेन धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते. दारं उघडली की थेट धबधब्यासमोरचा फलाट, आणि पाण्याचे तुषार इतके की चष्म्यातून काही दिसेना. रेनकोट डब्यातच चढवून ठेवा. उन्हाळ्यात तिथे कड्यावर लाल कपड्यातली हुल्ड्रा येऊन नाचते. नॉर्वेच्या लोककथांमधली ही रानातली मोहिनी. संगीत सुरू झालं, सगळ्यांचे मोबाइल वर गेले, वन्संचाही. आई मात्र धबधब्याकडे पाठ करून फलाटाच्या टोकाकडे निघाली होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला. गाडीच्या मागच्या टोकाला हिरवं इंजिन होतं, पुढे होतं तसंच. “मागेपण लावलंय बघ,” ती म्हणाली, “बँकर!” शिट्टी झाली आणि आम्ही पळत डब्यात चढलो. मिरडालपर्यंत ती खिडकीतून खाली गेलेले रूळ शोधत होती. एके ठिकाणी गाडी डोंगराच्या पोटातच वळण घेऊन उलट्या दिशेला तोंड करते, तेही तिनेच आधी ओळखलं.

परत येऊन जहाजावर जेवलो. जहाज धक्क्याला असेल तर हे नक्की करा. नॉर्वेत बाहेर खाणं फार महाग आहे आणि शाकाहारी पदार्थ शोधण्यात वेळ जातो. जेवून आई आराम करत होती, तेवढ्यात आम्ही तिघं आउरलँड्सफियॉर्डवरच्या (फियॉर्ड म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) स्टेगास्टाइनला जाऊन आलो. ६५० मीटर उंचीवर कड्याबाहेर ३० मीटर काढलेला लाकडी सज्जा आहे, फ्लॉमहून छोटी बस जाते. ज्यांना पाण्यावरून जायचं असेल त्यांनी नेरॉयफियॉर्डची विजेवर चालणारी बोट घ्यावी, गुडवांगेनपर्यंत साधारण दोन तास. रेल्वे आणि बोट दोन्ही एका दिवसात बसवायची तर जहाज किती वाजेपर्यंत थांबतंय ते नीट पाहा.

गायरांगरला आमचं जहाज नांगर टाकून उभं राहिलं. तिथे एक तरंगता धक्का आहे, पण तो प्रत्येक जहाजाला मिळतोच असं नाही. टेंडर म्हणजे जहाजाच्याच लहान बोटी. पाणी हलत असलं की बोटीत पाऊल टाकताना मधली फट कमी-जास्त होते. आईला दोन खलाशांनी दोन्ही दंडांना धरून अलगद आत घेतलं. टेंडरच्या बंदरात मात्र जहाजाचं एक्स्कर्शन घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्या प्रवाशांना आधी उतरवतात. शिवाय वाऱ्यामुळे टेंडर रद्द झालं तर जहाजाकडे भरलेले पैसे परत मिळतात. आम्ही डाल्सनिब्बा या डोंगरमाथ्याची बस घेतली. जवळजवळ १,५०० मीटरवर, जूनमध्येही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ, आणि खाली फियॉर्डमध्ये आपलं जहाज नखाएवढं. पायऱ्या चढू शकणाऱ्यांसाठी गावातल्या धबधब्याच्या कडेनं तीनशेहून जास्त पायऱ्यांची फुकट वाट आहे.

सकाळी जहाज गायरांगरफियॉर्डमध्ये शिरतं तेव्हा झोपून राहू नका. सात बहिणींचे धबधबे आणि समोरच्या कड्यावरचा त्यांना मागणी घालणारा धबधबा, दोन्ही जहाजावरूनच सर्वांत छान दिसतात. हा फियॉर्ड आणि नेरॉयफियॉर्ड २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि नॉर्वेनं तिथे जहाजांच्या धुरावर बंदी आणायला सुरुवात केली आहे: लहान प्रवासी जहाजांना २०२६ पासून, १०,००० टनांवरच्या मोठ्या जहाजांना २०३२ पासून. मला हा निर्णय मनापासून पटतो. अरुंद फियॉर्डमध्ये निळसर धूर तरंगत राहिलेला मी पाहिला आहे, तो तिथे शोभत नाही. पण पुढच्या काही वर्षांत मार्ग बदलत जातील, तेव्हा बुकिंग करताना जहाज नेमकं कुठवर आत जाणार ते विचारा.

स्टाव्हांगरला जहाज गावाच्या मधोमध लागतं. समोरच जुनं गाव, पांढऱ्या लाकडी घरांच्या रांगा, फरसबंद गल्ल्या, प्रत्येक दारात गुलाब. आई, वन्सं आणि मी तिथेच रमलो. मासे डबाबंद करण्याच्या जुन्या कारखान्याचं संग्रहालय आहे. आपल्या तारलीसारखी मासळी धुरावून डब्यात भरायचा तो धंदा, एकेकाळी सगळं गाव त्यावर जगत होतं. नवरा जहाजाच्या सहलीनं प्रेकेस्टोलेनला गेला. लिसेफियॉर्डवर ६०४ मीटर उभा कडा, जाऊन-येऊन आठ किलोमीटर, किमान चार तास, शिवाय बसचा वेळ. हा ट्रेक स्वतःहून करायला गेलात तर घड्याळाकडेच लक्ष राहील.

बर्गनला फारसं काही आखावं लागत नाही. धक्क्यापासून चालत ब्रिगेनची लाकडी घरं, तिथून फ्लॉयबानेन ही १९१८ पासूनची डोंगरावर नेणारी गाडी, काही मिनिटांत ३२० मीटर. तिचं तिकीट आधी काढा, रांग मोठी असते. पावसाचं म्हणाल तर मुंबईत चार महिन्यांत जेवढा कोसळतो साधारण तेवढा बर्गनमध्ये वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. छत्री वाऱ्यात उलटी होते, रेनकोटच घ्या.

कोपनहेगनला एक दिवस आधी पोचा. मुंबईहून जाताना विमान बदलावं लागलं आणि एखादी बॅग मागे राहिली तर जहाज तिची वाट बघत नाही. हॉटेल घेण्याआधी धक्का कोणता ते तपासा. लांगेलिनी शहराला लागून आहे, जलपरीचा पुतळा तिथेच. ओशनकाय मात्र नॉर्डहाव्हनच्या टोकाला आहे, सामान असेल तर टॅक्सीच बरी. परतीचं विमान उतरण्याच्या दिवशी सकाळचं घेऊ नका. डेन्मार्क आणि नॉर्वेचे क्रोन वेगळे, पण कार्ड सगळीकडे चालतं, स्वच्छतागृहाच्या दारावरसुद्धा. युरोपचं सिम दोन्ही देशांत चालतं. समुद्रात मात्र फोन विमान मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि बिल भयंकर येतं.

माझी मावसबहीण पुढच्या उन्हाळ्यात बाल्टिकची क्रूझ घेतेय. तिचं वेळापत्रक मी परवा पाहिलं. त्यात ‘स्टॉकहोम’ लिहिलंय, पण जहाज लागणार निनेसहाम्नला, म्हणजे शहरापासून साठेक किलोमीटरवर. लोकल ट्रेननं जाताना एक तास आणि येताना एक तास. त्यामुळे दिवसाचे तुकडे करण्यापेक्षा तिनं सरळ व्हासा संग्रहालय गाठावं: १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं अख्खं लाकडी जहाज, पायऱ्यांऐवजी लिफ्टनं सगळे मजले बघता येतात. ‘बर्लिन’ म्हणून दाखवलेलं बंदर वार्नेम्युंडे आहे, तिथून बर्लिन तीन तास; तो दिवस तिनं वार्नेम्युंडे आणि शेजारच्या रोस्टॉकमध्ये घालवावा, असं मी तिला सांगितलंय. हेलसिंकी आणि टॅलिनची वेळ स्वीडनच्या एक तास पुढे असते. जहाज आपलं घड्याळ बदलणार की नाही ते आदल्या रात्री दारात टाकलेल्या कागदावर छापलेलं असतं. आणि ओस्लोला तिला व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय बघायचं होतं, ते २०२२ पासून नव्या बांधकामासाठी बंद आहे. त्याऐवजी फ्राम संग्रहालय आहे, ध्रुवीय मोहिमांवर जाऊन आलेलं जहाज तिथे आतून फिरून बघता येतं. तिच्याबरोबर मावशीही जाणार आहे, म्हणून हेलसिंकीहून सुओमेनलिन्ना बेटावर जाणाऱ्या फेरीच्या वेळा मी या रविवारी तिच्याकडे बसून लिहून देणार आहे.