वकिली, नगरसेवकपद आणि एक नदी

आजचा दिवस तैवानचे राजकारणी फ्रँक श्ये यांच्या कारकिर्दीबद्दल वाचण्यात गेला. पक्षनेता, पंतप्रधान म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं जातं. मला त्यांचं शहरातलं काम जास्त मोलाचं वाटतं.

१९८० मध्ये तैवानमध्ये लष्करी कायदा होता. काओश्युंग घटनेतल्या (१९७९ मध्ये काओश्युंग या बंदराच्या शहरात विरोधकांनी केलेलं लोकशाहीवादी निदर्शन) आरोपींवर लष्करी न्यायालयात खटला चालला, तेव्हा वकीलपत्र घेणाऱ्या तरुणांत श्ये होते. आरोपींना शिक्षा झाल्याच, पण वकील लोकांना माहीत झाले. १९८१ मध्ये श्ये राजधानी ताइपेचे नगरसेवक झाले. तिथली मतदानपद्धत अवघड: एका प्रभागात अनेक जागा, मतदाराला मात्र एकच मत. लोकप्रिय उमेदवाराने गरजेपेक्षा जास्त मतं ओढली की त्याच्याच गटाचा दुसरा पडतो. म्हणून मतं वाटून घ्यावी लागत, आणि तेव्हा तर विरोधकांना पक्ष काढायलाही बंदी होती!

१९९८ मध्ये ते काओश्युंगचे महापौर झाले, फक्त ४,५६५ मतांनी. शहरातली लव्ह नदी सांडपाण्याने वर्षानुवर्षं कुजलेली. तिच्यावरचा उपाय त्यांच्या आधीच सुरू झाला होता, त्यांनी तो नेटाने पुढे नेला: नाले नदीला मिळतात तिथे दारं लावून त्यांचं पाणी अडवायचं, वाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे न्यायचं, घरोघरी मलवाहिन्या जोडायच्या. यातली दुखरी जागा पाऊस. जोराची सर आली की पूर टाळायला दारं उघडावी लागतात, नाल्यात साचलेली घाण एकदम नदीत उतरते, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. त्यामुळे घरजोडण्या वाढवणं हाच खरा इलाज. जमिनीखालचं हे काम फोटोत दिसत नाही, मतंही चटकन देत नाही.