आतून धुऊ नका

योनिमार्गातला स्राव काचेवर पसरून केलेल्या स्मिअरच्या स्लाइडसोबत आमच्याकडे एक चिठ्ठी येते. परवाच्या एका चिठ्ठीवर होतं: २६ आठवडे, एचआयव्ही पॉझिटिव्ह, एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सुरू, अंगावरून पांढरं जातंय. आणि खाली वेगळ्या पेनाने लिहिलेलं: 'स्वच्छतेबद्दल समज दिली.'

ही शेवटची ओळ काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे, अशा स्लाइड वाचणं हे माझं रोजचं काम. काचेवर मला जे दिसतं त्याचा बाईच्या स्वच्छतेशी संबंध असलाच, तर बहुतेक वेळा तो उलटा असतो. अशी समज देणारे आणि ती मान खाली घालून ऐकून घेणाऱ्या, दोघांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आधी काचेवर काय दिसतं ते सांगते. ग्रॅम स्टेन केलेल्या, म्हणजे जिवाणू रंगवलेल्या, स्लाइडवर तेलाचा थेंब टाकायचा आणि शंभराची लेन्स खाली आणायची. सगळं ठीक असेल तर मोठमोठ्या, चपट्या, गुलाबी पेशी दिसतात, त्यांच्या कडा स्पष्ट असतात, आणि आजूबाजूला गडद जांभळे, सरळ, लांबट जिवाणू. हे लॅक्टोबॅसिलस. आल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्ये त्यांचं वर्णन करून ठेवलंय. एका फील्डमध्ये, म्हणजे लेन्सखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात, ते सरासरी ३० पेक्षा जास्त असले तर त्यांच्या रकान्यात शून्य गुण, एकही नसला तर चार. मग गार्डनेरेलासारखे बारीक, धड जांभळे ना धड गुलाबी असे जिवाणू मोजायचे. ते जितके जास्त तितके गुण जास्त. शेवटी मोबिलंकस नावाचे वाकडे जिवाणू. बेरीज सात ते दहा आली की बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनिमार्गातल्या जिवाणूंचा तोल बिघडणं, बोलताना आम्ही बीव्ही म्हणतो. ही न्यूजंट पद्धत १९९१ पासून जगभर चालते.

त्या चिठ्ठीतल्या बाईची बेरीज नऊ आली. बारीक जिवाणू पेशींवर इतके दाट चिकटले होते की कडाच दिसेनात. फील्डमागून फील्ड सरकवत गेले, पण लांबट जांभळा जिवाणू एकही सापडला नाही.

ही घाण नव्हे. इस्ट्रोजेनमुळे योनिमार्गाच्या आवरणात ग्लायकोजेन साठतं. ते मोडून जी साखर होते त्यावर लॅक्टोबॅसिलस जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच ४.५ च्या खाली, म्हणजे आम्लाच्या बाजूला, राहतो आणि इतर बऱ्याच जिवाणूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, म्हणून बहुतेकींमध्ये लॅक्टोबॅसिलसचा जम आणखी पक्का बसतो. तो बसला नाही, तर त्यामागे हार्मोन्स, प्रतिकारशक्ती, लैंगिक संबंध, आधी घेतलेली औषधं अशी पुष्कळ कारणं असू शकतात. 'ही बाई नीट धूत नाही' हे त्यांत बसत नाही.

शिवाय सगळे लॅक्टोबॅसिलस एका माळेचे मणी नाहीत. क्रिस्पॅटस जातीचा असला तर मी निश्चिंत असते, तो आम्लाची बाजू घट्ट धरून ठेवतो. आयनर्स या त्याच्या जातभाईचं तसं नाही. लॅक्टिक आम्लाचा डी प्रकार त्याला बनवता येत नाही, आणि बीव्ही झाल्यावरही तो तिथेच नांदतो. लॅक्टोबॅसिलस प्रयोगशाळेत वाढवायच्या नेहमीच्या एमआरएस माध्यमावर तो सहसा वाढत नाही, त्यामुळे कितीतरी वर्षं नजरेतून सुटला. त्याला नाव मिळालं थेट १९९९ मध्ये. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काहीही तक्रार नसलेल्या ३९६ स्त्रियांचे जिवाणू जनुकीय पद्धतीने तपासले, तेव्हा त्यांचे पाच गट पडले. चार गटांत कुठला ना कुठला लॅक्टोबॅसिलस वरचढ होता. पाचव्या गटात कुणीच नव्हता, आणि साधारण चौथा हिस्सा स्त्रिया त्या गटात होत्या. म्हणजे नुसत्या स्लाइडवरून कुणाला आजारी ठरवण्याचा अधिकार मलाही नाही.

आता एचआयव्ही. झांबियातल्या गरोदर स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये लॅक्टोबॅसिलसऐवजी ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या नाना जातींच्या जिवाणूंची गर्दी जास्त दिसली. हे विषाणूमुळे होतं, की अशी गर्दी आधीपासून होती म्हणून विषाणूला आत यायला वाट मिळाली? दोन्ही बाजूंना पुरावे आहेत. बीव्ही असलेल्या स्त्रीला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो, कारण तिथे दाह होतो आणि विषाणूला हव्या असलेल्या सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या) पेशी जमा होतात. आणि लागण झाल्यावर त्याच ठिकाणची प्रतिकारशक्ती विस्कटते. एआरटीच्या गोळ्या विषाणूला रोखतात, जिवाणूंची घडी बसवणं हे त्यांचं काम नाही. म्हणून व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) उत्तम दबलेला असतानाही स्लाइड अशी असू शकते, आणि त्यावरून 'गोळ्या नीट घेत नाही' असा संशय घेणं अन्यायाचं आहे.

आठवड्यातून एकदा मी ओपीडीत पीएचच्या पट्ट्या घेऊन बसते. तिथे एक बाई भेटल्या, सातवा महिना, एचआयव्ही पॉझिटिव्ह. पट्टी पिवळी राहायला हवी, ती हिरवट झाली, म्हणजे आम्ल कमी. मी विचारलं, "ताई, आतून काही लावता का?"

"लावत नाही मॅडम, धुते. साबणाने. दिवसातून दोन-तीनदा."

"आग होत नाही?"

"होते. पण बाळ तिथूनच येणार ना. रक्तात आहे म्हणजे तिथंही असणार."

मला क्षणभर बोलता येईना. बाळासाठी ती रोज आग सहन करत होती, आणि तिला कुणी साधं समजावलं नव्हतं.

मग मी समजावलं. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. १९९४ मध्ये झिडोव्हुडिन या एकट्या औषधाने एका चाचणीत ते २५ वरून ८ टक्क्यांच्या आसपास आणलं. आज तीन औषधांनी प्रसूतीच्या वेळी व्हायरल लोड दबलेला असला, तर ते एक टक्क्याच्याही खाली जातं. बाळाला वाचवते ती गोळी. धुण्याचा प्रयोगही होऊन गेलाय: मलावीमध्ये बाळंतपणाच्या वेळी क्लोरहेक्झिडिनने जन्ममार्ग पुसून पाहिला, निष्कर्ष १९९६ मध्ये आले. बाळांमधले इतर जंतुसंसर्ग कमी झाले, पण एचआयव्हीची लागण एकूणात कमी झाली नाही. डॉक्टरांच्या हातून जंतुनाशकाने जे साधलं नाही, ते घरच्या साबणाने कसं साधेल? उलट आतून धुणाऱ्या स्त्रियांमध्ये बीव्ही जास्त आढळतो. बाहेरून साधं पाणी पुरतं, आत काहीच नको.

त्या बाईंनी विचारलं, "मग वास कशाने जाईल?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याला उत्तर औषध हे आहे. तक्रार असलेल्या गरोदर स्त्रीला बीव्हीसाठी मेट्रोनिडॅझोल देता येतं, एचआयव्ही असला तरी उपचार तोच. सोबत ट्रायकोमोनास हा लैंगिक संबंधातून पसरणारा परजीवी बघायलाच हवा. ताज्या थेंबात तो वळवळताना दिसतो, पण स्लाइड थंड पडली की हलायचा थांबतो आणि सुटून जातो. म्हणून नमुना तासभर टेबलावर ठेवू नका, ही माझी सिस्टरना कायमची विनंती.

मात्र सगळ्यांना सरसकट अँटिबायोटिक देण्याच्या मी विरोधात आहे. बीव्ही असलेल्या गरोदर स्त्रीची दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो, आणि एचआयव्हीमध्ये तो मुळातच जास्त. त्यामुळे औषध देऊन टाकावं असं कुणालाही वाटेल. मलावी, टांझानिया आणि झांबियात नेमकं हेच करून पाहिलं, एचपीटीएन ०२४ या चाचणीत. एचआयव्ही असलेल्या गरोदर स्त्रियांना अँटिबायोटिक्स दिली. ना मुदतपूर्व प्रसूती कमी झाल्या, ना बाळांना होणारी लागण. जिवाणू मारणं सोपं आहे, त्या जागी क्रिस्पॅटस आणून बसवणं अवघड. २०२० मध्ये योनिमार्गात क्रिस्पॅटस सोडण्याची चाचणी यशस्वी झाली, १२ आठवड्यांत बीव्ही परत येण्याचं प्रमाण ४५ वरून ३० टक्क्यांवर आलं. पण त्यात गरोदर स्त्रिया नव्हत्या. नेहमीप्रमाणेच. २०२५ मध्ये तर पुरुष जोडीदारालाही औषध दिल्यावर बीव्ही परत येणं जवळपास निम्म्याने कमी झालं. स्वच्छतेची समज मात्र आजवर फक्त बाईनेच ऐकली.

एचआयव्ही निगेटिव्ह असलेल्या गरोदर स्त्रियांबद्दलही लिहायला हवं, त्या या चर्चेत हमखास राहून जातात. मलावीतल्या १९९८ च्या अभ्यासात जिवाणूंची घडी विस्कटलेल्या स्त्रियांना गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर एचआयव्हीची लागण जास्त झाली. प्रसूती झाली की इस्ट्रोजेन एकदम कोसळतं आणि त्यापाठोपाठ लॅक्टोबॅसिलसही कमी होतात, म्हणजे बाळ अंगावर पीत असताना आईचा हा आडोसा गेलेला असतो. त्या काळात नवी लागण झाली तर विषाणूचं प्रमाण फार चढं असतं आणि ते दुधातून बाळापर्यंत जाऊ शकतं. म्हणून पहिल्या तिमाहीतला निगेटिव्ह रिपोर्ट फाइलला लावून विषय संपवू नका. जिथे धोका आहे तिथे शेवटच्या तिमाहीत आणि स्तनपानाच्या काळात पुन्हा चाचणी करून घ्या. जोडीदार पॉझिटिव्ह असून त्याचा व्हायरल लोड दबलेला नसेल, तर डॉक्टरांशी प्रेपच्या, म्हणजे लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या, गोळ्यांबद्दल बोला, त्या गरोदरपणातही घेता येतात. टेनोफोव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या योनीत लावायच्या जेलमध्ये बीव्हीचे जिवाणू आडवे आले होते: लॅक्टोबॅसिलस वरचढ असलेल्या स्त्रियांत जेलचं संरक्षण ६१ टक्के, बाकीच्यांत १८, कारण गार्डनेरेला औषधच मोडून टाकत होता. तोंडाने घ्यायच्या गोळीचा परिणाम मात्र बीव्हीमुळे कमी झालेला दिसला नाही. तेव्हा स्लाइड कशीही असो, गोळी सोडू नका.