एसी लॉग: ३८० ग्रॅम भरायचे होते, ४३४ गेले

गाडीच्या एसीतल्या कंडेन्सरची (गॅस थंड करून त्याचा द्रव करणारा भाग) ओ-रिंग, म्हणजे जोडावरचं रबरी सील बदललं, ४५ मिनिटं व्हॅक्यूम ओढला आणि तासभर धरून ठेवला. गेजची सुई जागची हलली नाही, म्हणजे मागच्या नोंदीतलं लीक एकदाचं मिटलं. पण स्टिकरप्रमाणे ३८० ग्रॅम आर-१३४ए (एसीचा गॅस) भरूनही व्हेंटला, म्हणजे आत हवा येते त्या झडपेला, १४ अंश! बाहेर ३४, लो साइड (कॉम्प्रेसरच्या आधीचं प्रेशर) ५२ पीएसआय, हाय साइड (त्याच्या नंतरचं) थेट ३१५.

कंडेन्सरवर पाणी मारलं की हाय साइड २४० वर उतरते आणि व्हेंट ९ वर येतो, म्हणून पहिला संशय पंख्यावर. तो दोन्ही स्पीडला नीट फिरतोय, जाळीही स्वच्छ. मग हवा अडकली असेल? गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन लावायच्या आधी प्रेशर पाहिलं. २८ अंशांना शुद्ध १३४ए साधारण ९१ दाखवतो, हवा असेल तर त्याहून जास्त. गेजवर ९१च. हवा नाही. मात्र गॅस किती आहे ते यातून कळत नाही. आत द्रव शिल्लक असेपर्यंत उभ्या गाडीतलं प्रेशर तापमानावर ठरतं, वजनावर नाही.

उत्तर गॅसच्या कॅनमध्येच होतं. भरण्याआधी होज न लावता वजन ५६५, नंतर होज काढून १३१. म्हणजे ४३४ ग्रॅम गेले. होजमधली हवा गॅसने बाहेर काढतानाचे (पर्ज) तीनचार सोडले तरी ५० जास्त. जादा द्रव कंडेन्सरच्या तळाशी साचतो, वाफ थंड व्हायला जागाच उरत नाही.

चूक किचनच्या वजनकाट्याची. १८० ला तो ऑटो-ऑफ झाला, पुन्हा टेअर करून (काटा शून्यावर आणून) उरलेले २०० मोजले. तोवर कॅन गार पडून गॅस अगदी हळू ठिबकत आत जात होता, आणि हे स्वस्त काटे शून्याजवळचा सावकाश बदल आपोआप पुन्हा शून्य धरतात. आकडा शून्यावर, गॅस मात्र आत चाललेला. भरताना टेअर करूच नका. एकूण वजन लिहा आणि किती कमी झालं ते पाहा. होज टेपने टेबलाला बांधा. नुसतं ताणलं तरी आकडा १५-२० ग्रॅम हलतो.

थोडा गॅस सोडून अंदाजाने जुळवणं चुकीचं. सगळा रिकव्हरी मशीनवर (गॅस ओढून साठवणारं यंत्र) काढला, सोबत आलेलं तेल मोजून तेवढंच पीएजी-४६ (कॉम्प्रेसरचं तेल) परत घातलं, पुन्हा व्हॅक्यूम. इंजिन चालू असताना कॅन उभाच. उलटा धरला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जातो. सीलंट मिसळलेले कॅन फुकट मिळाले तरी घेऊ नका, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (द्रव बारीक छिद्रातून सोडणारा) चोंदतो.

आता १५०० आरपीएमला, रिसर्क्युलेशनवर: लो ३२, हाय २२५, व्हेंट ७.५! सक्शन पाइपवर (कॉम्प्रेसरकडे जाणारा थंड पाइप) दव धरलंय, बघत राहावंसं वाटतं.

पुढे मोठा पंखा बसवायचा बेत होता, तो रद्द. ते पैसे ५ ग्रॅम अचूकतेच्या, ऑटो-ऑफ नसलेल्या वजनकाट्यात. लिहिता लिहिता सुचलं: ४० अंशांच्या पाण्याचं भांडं कॅनसकट काट्यावरच ठेवलं तर? कॅन गार पडून गॅस हळू ठिबकणारही नाही आणि एकूण वजन तसंच वाचता येईल. पुढच्या गाडीला हे आधी.