आमची वाटचाल: पुण्याच्या गाळ्यातून दुबईपर्यंत

वडापावची फ्रँचायझी तरते किंवा बुडते ती सारणावर. पाटी, गणवेश, रंगसंगती कुणालाही जमते. प्रत्येक गाळ्यात त्याच चवीचा वडा उतरवणं अवघड. म्हणून शाखा वाढवण्याआधी आम्ही सारण एकाच मध्यवर्ती स्वयंपाकघरात आणलं.

खरी मेख बटाट्यात. शीतगृहात २ ते ४ अंशांवर राहिलेल्या बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते आणि सारण गोडसर लागतं. तसा माल आम्ही परत पाठवतो. बटाटा सालीसकट उकडायचा, सोलून जाळीवर पसरायचा, वाफ गेली की कुस्करायचा. आलं-लसूण-मिरचीचं वाटण फोडणीत कोरडं होईपर्यंत परतायचं. पाणी राहिलं की वडा तेलात फुटलाच.

दुबईला ६० ग्रॅमचे गोठवलेले गोळे जातात. साध्या डीप फ्रीजरमध्ये ते सावकाश गोठतात, बर्फाचे मोठे खडे होतात आणि नंतर सारण पाणी सोडतं. त्यामुळे अतिथंड हवेच्या झोताने झटपट गोठवणारा ब्लास्ट फ्रीझर हवाच. गाभा उणे १८ अंशांवर गेला की माल न्हावा शेवा बंदरातून रीफर (शीत) कंटेनरने दुबईच्या जेबेल अली बंदराला. तिथे गोळे रात्रभर ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवायचे, कोरड्या बेसनात घोळवायचे, मगच पिठात बुडवायचे. कडक गोळा तसाच तळला तर आवरण सुटतं आणि आत गारच राहतं. तेल १७५ ते १८० अंश, वड्याचा गाभा किमान ७५. प्रत्येक घाण्यातला एक वडा थर्मामीटर टोचून बघायचा.

बेसन इथूनच जातं, कारण वाटाण्याच्या पिठाची भेसळ असली की वडा तेल पितो. पाव मात्र तिथेच भाजून घ्यावा. फक्त बेकरीला साखर कमी करायला सांगावं लागतं. बर्गरचा गोडसर बन लसणाच्या चटणीची चव मारतो.

कागदपत्रांत आधी ट्रेडमार्क. इथली नोंदणी इथल्यापुरतीच. एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवण्याची सोय देणाऱ्या माद्रिद प्रोटोकॉल या करारात भारत २०१३ मध्ये आणि संयुक्त अरब अमिराती (यूएई) डिसेंबर २०२१ मध्ये आले, त्यामुळे इथूनच अर्ज करता येतो. उपाहारगृहासाठी ट्रेडमार्कचा वर्ग ४३. तिथल्या भागीदाराशी करार त्यानंतरच.

लेबल अरबीत लागतं. त्यात ॲलर्जी होऊ शकणारे शेंगदाणे, तीळ तर लिहायचेच, पण हिंगात बहुधा मैदा असतो, म्हणून गव्हाचीही नोंद करायची. आणि यूएईत खसखशीवर बंदी आहे. मिसळीचा गोडा मसाला तिथे नेहमीचा चालत नाही. आम्ही खसखस वगळून, सुकं खोबरं वाढवून तो वेगळा कुटतो.